पक्षी-निरीक्षण आणि आमची शेती

भाताच्या लोंबीत दूध भरूं लागलें कीं, आमच्या शाहूवाडी तालुक्यांत बांधाबांधावर राखणीचे आवाज सुरू होतात. कोणी गोफण फिरवितो, कोणी पत्र्याचा डबा वाजवितो, कोणी जुना सदरा काठीवर चढवून बुजगावणें उभें करितो. त्या वेळीं शेतकऱ्यास पक्ष्यांविषयीं विचारलें तर तो एवढेंच सांगेल कीं, ही जात चोराची. तोच शेतकरी नांगर धरतो तेव्हां त्याच्या मागून बगळे, साळुंक्या व कावळे चालत येतात आणि मातीवर आलेली हुमणी वेंचून खातात; त्या वेळीं मात्र त्यांचें कोणी नांव काढीत नाहीं. नुकसान डोळ्यांत भरतें, उपकार मातींत जातो. पक्षी आमचा वैरी कीं मित्र, या प्रश्नाचा निकाल आम्ही आजवर असा अर्ध्या पुराव्यावर लावीत आलों आहों. पुरा पुरावा गोळा करण्याचा मार्ग एकच. तो म्हणजे नियमानें पाहणें व पाहिलेलें लिहून ठेवणें. यास हल्लीं पक्षी-निरीक्षण म्हणतात. हें शहरांतील हौशी मंडळींचें काम, अशी समजूत आहे. तें मुळांत शेतकऱ्याचें काम कसें आहे, गांवोगांवीं तें कसें चालवावें व त्यापासून काय निष्पन्न होतें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या तालुक्याची ठेवण

पक्ष्यांच्या दृष्टीनें शाहूवाडी तालुका भाग्यवान आहे. पश्चिमेस आंबा घाट व विशाळगड यांच्या बाजूस सह्याद्रीचें दाट रान. तेथून पूर्वेकडे उतरत आलें कीं भाताचीं खाचरें, नाचणीच्या वरकस जमिनी, माळावरील भुईमूग व सोयाबीन आणि नदीकांठीं उसाचे फड. कडवीचें पाणी वारणेस जातें व कासारीचें पंचगंगेस. या दोन्ही नद्यांच्या आश्रयानें पाणथळींतील पक्षी राहतात. एका दिवसाच्या वाटचालींत धनेश, रानकोंबडा व शीळ घालणारा कस्तुर हे रानचे पक्षी आणि कोतवाल, नीळकंठ, टिटवी हे शेताचे पक्षी भेटूं शकतील, असे तालुके फार थोडे आहेत.

सरकारनेंही या रानाचें महत्त्व ओळखलें आहे. उत्तरेकडील चांदोलीच्या अभयारण्यास पुढें २००४ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० सालीं चांदोली व कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत चांदोली व राधानगरी हीं दोन्ही आहेत. त्यानंतर विशाळगडच्या बाजूचें सुमारें ९३ चौरस किलोमीटर रानही संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालें. परंतु पक्षी हद्दीचे दगड ओळखीत नाहीं. तो रानांत झोंपतो व आमच्या शेतांत चरतो; आमच्या बांधावरच्या उंबराचीं फळें खातो आणि त्याचें बीं रानांत टाकतो. रानाची राखण सरकारी खातें करील. शेताबांधावरच्या पक्ष्यांचें बरें-वाईट मात्र सर्वस्वीं आमच्या हातीं आहे.

पक्षी काय खातात

पक्षी काय खातो हें ठरविण्याचें काम आपल्या देशांत शंभर वर्षांपूर्वींच सुरू झालें. बिहारमधील पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेंत मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय या दोघां कीटकशास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या जातींच्या पक्ष्यांचे कोठे उघडून त्यांत काय सांपडतें तें मोजलें, आणि १९१२ सालीं तें सर्व पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. पक्ष्याची पारख त्याच्या एका दिवसाच्या वर्तनावरून न करितां वर्षभराच्या अन्नावरून करावी, ही दृष्टि अशा कामानेंच शेतकीस मिळाली.

या दृष्टीनें आमच्या शेतांतील पक्ष्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग केवळ उपकारकांचा. कोतवाल तारेवर किंवा म्हशीच्या पाठीवर बसून उडते किडे टिपतो. नीळकंठ उंच जागेवरून जमिनीवर झडप घालून टोळ, नाकतोडे व भुंगेरे पकडतो. गायबगळा गुरांच्या पायांनीं उठलेले किडे खातो. घुबड, पिंगळा व कापशी घार हे उंदरांचे वैरी. दुसरा वर्ग दुहेरी हिशेबाचा. चिमणी व सुगरण दाणे खातात हें खरें. पण पिलांस चारा भरवितांना त्याच चिमण्या व सुगरणी अळ्या व मऊ किडे वेंचून नेतात, कारण पिलांच्या वाढीस तेंच अन्न लागतें. साळुंकी फळांवर टोंच मारते आणि नांगरामागें हुमणीही खाते. वेडा राघू उडते किडे खातो, पण मधमाश्याही सोडीत नाहीं. तिसरा वर्ग मुख्यतः नुकसान करणाऱ्यांचा. त्यांत पोपट, मुनिया व कांहीं ठिकाणीं मोर येतात.

दुहेरी हिशेबांतील एकच बाजू पाहिली म्हणजे काय होतें याचें उदाहरण चीन देशानें जगास दाखविलें. तेथें १९५८ सालीं उंदीर, माश्या व डांस यांच्या जोडीस चिमणीही धान्याचा शत्रू म्हणून जाहीर झाली. लोकांनीं थाळ्या वाजवून, घरटीं मोडून चिमण्यांचा संहार केला. पुढें पिकांवर किडीचा जोर झाला, तेव्हां १९६० सालीं चिमणीचें नांव त्या यादींतून काढून ढेकणाचें घालावें लागलें. त्या वर्षांत तेथें पडलेल्या भयंकर दुष्काळाचीं कारणें अनेक होतीं, चिमण्यांचा संहार हें त्यांतील केवळ एक. तथापि घाईनें दिलेल्या निकालाची किंमत शेतानेंच भरली, यांत संशय नाहीं.

शेतांत लगेच करतां येण्याजोगें

ज्यांस हा उपकार पदरांत पाडून घ्यावयाचा आहे त्यांनीं पुढील गोष्टी कराव्या. उसाचा खोडवा मोडतांना किंवा भुईमुगाच्या रानाची नांगरट करितांना ती दिवसाउजेडीं करावी. सकाळची वेळ उत्तम. हल्लीं भाड्याचा ट्रॅक्टर सांपडेल त्या वेळेस, कित्येकदां रात्रींही, नांगरट होते. रात्रीच्या नांगरटीनें हुमणी वर येते खरी, पण ती वेंचण्यास पक्षी नसतात आणि उजाडेपर्यंत पुष्कळशी पुन्हां मातींत शिरते.

सोयाबीन, हरभरा व तूर या पिकांत अळी दिसूं लागली कीं, पिकाच्या वर हात-दीड हात निघतील असे आडव्या दांडीचे पक्षिथांबे एकरीं वीसच्या सुमारास रोवावे. कोतवाल व साळुंकी त्यांवर बसून अळ्या टिपतात. भातावर लष्करी अळी आली असतांही थांब्यांचा उपयोग होतो. मात्र लोंबीत दाणा भरूं लागतांच ते काढून घ्यावे, नाहींतर दाणे खाणाऱ्यांस आपणच पाट मांडून दिल्यासारखें होईल.

नुकसानीविषयीं

पक्षी नुकसान करीतच नाहींत, असें म्हणणारा मनुष्य शेतकरी नसावा. तरव्यावर टाकलेलें भात, उगवणारा भुईमूग व दुधांतला मका यांवर पक्ष्यांची धाड पडते, आणि लहान खातेदारास एका गुंठ्याचें नुकसानही सोसत नाहीं. मोर वाढले आहेत अशी तक्रार अनेक गांवांतून ऐकूं येते, व ती कल्पनेंतली नाहीं. २०२३ सालीं भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यांत देशांत मोरांची संख्या वाढत असल्याचेंच अनुमान आहे. त्याच अहवालांत नीळकंठाची संख्या घटत असल्याचा इशाराही आहे. हा अहवाल सुमारें ३० हजार निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यांत ९४२ जातींचा विचार झाला असून १७८ जातींच्या रक्षणास अग्रक्रम द्यावा असें ठरविलें आहे. यावरून एक गोष्ट लक्षांत यावी. नोंद ही पक्ष्यांची वकिली नव्हे. ती शेतकऱ्याची तक्रार खरी असेल तर तीही खरी म्हणून लिहिते.

नुकसान टाळण्याचे जीव न घेणारे उपाय असे. तरव्यावर जाळें पसरावें. भुईमूग पेरतांना दाणा उघडा राहूं देऊं नये. एका शिवारांतील सर्वांनीं शक्य तों एकाच आठवड्यांत पेरणी करावी, म्हणजे एकट्यादुकट्याच्या शेतावर सगळी धाड पडत नाहीं. चकचकीत फिती दाण्याच्या दिवसांपुरत्याच लावाव्या, व बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनीं बदलावी. एकाच जागीं उभ्या असलेल्या बुजगावण्यावर पक्षी थोड्याच दिवसांत बसूं लागतात.

मंडळ कसें चालवावें

निरीक्षणासाठीं मोठी संस्था लागत नाहीं. गांवांतील पांच-सात माणसें, शाळेंतील एखादे गुरुजी व चार मुलें एवढें पुरे. भांगलणीस जाणाऱ्या बायकांस मंडळांत अवश्य घ्यावें. घरटें कोठें आहे व अंडीं केव्हां फुटलीं हें त्यांस पुरुषांहून अधिक ठाऊक असतें. एखादी दुर्बीण असल्यास बरें, नसल्यास अडत नाहीं.

एक ठरलेली वाट घ्यावी. ती रानाच्या कडेनें, खाचरांतून व ओढ्याकांठानें जाणारी असावी. महिन्यांतून दोन ठरलेल्या दिवशीं सूर्योदयानंतर त्या वाटेनें तासभर हिंडावें. वहींत सहा रकाने आंखावे: तारीख व वेळ, जागा, पीक व त्याची अवस्था, पक्षी, संख्या आणि पक्षी काय करीत होता तें. शेवटचा रकाना शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचा. शहरचा निरीक्षक ‘साळुंक्या आठ’ एवढें लिहून पुढें जाईल. आम्ही ‘साळुंक्या आठ, खोडव्याच्या नांगरटीमागें हुमणी खात’ असें लिहावें. पक्ष्याचें पुस्तकी नांव ठाऊक नसेल तर गांवचें नांव लिहावें. अंदाजानें भलतें नांव मात्र लिहूं नये. ओळख न पटल्यास ‘अनोळखी’ असेंच लिहावें. खोटी नोंद ही नोंद नसण्याहून वाईट.

आणखी एक सोपा प्रयोग आहे. घुबड उंदीर सबंध गिळतें व न पचलेलीं हाडें आणि केंस गोळीच्या रूपानें ओकून टाकतें. पडक्या वाड्यांत किंवा गोठ्याच्या माळ्याखालीं अशा गोळ्या सांपडतात. त्या हातमोजे घालून, पाण्यांत भिजवून उकलाव्या व आंतील उंदरांच्या कवट्या मोजाव्या. घुबड अशुभ आहे असें म्हणणाऱ्या मंडळींपुढें या कवट्यांची रास मांडली म्हणजे अधिक बोलावें लागत नाहीं.

वहीच्या नोंदी मोबाईलवरून ई-बर्ड नांवाच्या जागतिक नोंदवहींत चढवितां येतात. दर फेब्रुवारींत चार दिवस जगभर अंगणांतील पक्ष्यांची गणना होते, तींत भाग घ्यावा. शिवाय पक्षितज्ज्ञ डॉ. सालीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर व अरण्याभ्यासक मारुति चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा महाराष्ट्र सरकारनें २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरविला आहे. आमच्याकडे भाताची कापणी-मळणी साधारण याच सुमारास चालते, तेव्हां शिवारांत माणूस व पक्षी दोघेही हजर असतात.

निरीक्षकांनीं पाळावयाचा एक कडक नियम आहे. घरट्याजवळ जाऊं नये, फांद्या वांकवूं नयेत, छायाचित्राच्या लोभानें पिलांस त्रास देऊं नये, आणि दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची जागा चारचौघांत जाहीर करूं नये.

घाटाखालील एक धडा

पक्षी राखणें व शेतकऱ्याचा फायदा यांचा मेळ बसतो कीं नाहीं, अशी शंका कोणी घेईल. त्याचें उत्तर आंबा घाट उतरतांच लागणाऱ्या संगमेश्वर तालुक्यांत आहे. तेथें खाजगी मालकीच्या रानांत बेहड्याचीं जुनीं, प्रचंड झाडें आहेत. अशा झाडांच्या ढोलींत धनेश घरटें करितो. मादी ढोलींत शिरून दार लिंपून घेते व एवढीशी फट ठेविते. पिलें मोठीं होईपर्यंत नर त्या फटींतून सर्वांस चारा भरवितो. या काळांत झाड पडलें किंवा नर मारला गेला तर सगळें कुटुंब जातें. धनेश एकच ढोली वर्षानुवर्षें वापरतो, आणि तशी ढोली पडण्यास झाड पुष्कळ जुनें व्हावें लागतें. म्हणून एक बेहडा तोडला तर दहा रोपें लावूनही भरपाई होत नाहीं.

हे बेहडे लांकडासाठीं थोडक्या पैशांत विकले जात. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फौंडेशन या संस्थेनें गांवकऱ्यांशीं बोलून निराळी वाट काढली. बेहड्याचें फळ त्रिफळा चूर्णास लागतें. झाड न तोडतां, ठराविक हिस्सा रानासाठीं सोडून, स्वच्छ रीतीनें फळ गोळा केलें तर त्यास फेअरवाइल्ड नांवाचा जागतिक दाखला मिळतो व परदेशांतील औषधी व्यापारी त्यास चांगला भाव देतो. तसा दाखला तेथील बेहड्यास मिळाला. झाड एकदां तोडून एकदांच पैसा घेण्याऐवजीं दर वर्षीं फळाचा पैसा येऊं लागला, आणि धनेशाची ढोली राहिली. आमच्या पश्चिम भागांतही हिरडा, बेहडा, उंबर हीं झाडें मालकी रानांत व देवरायांत आहेत. अशीं झाडें मंडळानें मोजावीं, ढोली असलेलीं निराळीं लिहावीं, व मालकानें लांकूड-व्यापाऱ्यास शब्द देण्यापूर्वीं फळाचा हिशेब करून पाहावा.

विष व औषध

आतां आमची स्वतःचीच एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या उसांत उंदरांचा उपद्रव झाला, म्हणून आम्हीं ब्रोमाडायोलोनचें आमिष सढळ हातानें टाकलें. या विषानें उंदीर ताबडतोब मरत नाहीं. दोन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. आठवड्याभरानें आमच्या जुन्या गोठ्याच्या माळ्यावर राहणाऱ्या घुबडांपैकीं एक खालीं मरून पडलेलें आढळलें, व पुढें माळ्यावरील पिलांचा आवाजही बंद झाला. त्याची तपासणी आम्हीं करविली नाहीं, म्हणून विषानेंच मेलें असें शपथेवर सांगतां येणार नाहीं. पण पुढील हंगामांत उंदीर पूर्ववत् आले आणि माळा रिकामाच राहिला, एवढें खरें. इस्रायल देशांतील स्दे एलियाहू या शेतकरी वसाहतीनें १९८३ सालापासून याच्या उलट वाट धरली. शेतांत पेट्या बसवून घुबडांस घर दिलें व उंदरांसाठीं विषाचा वापर उतरविला. पुढें शेजारच्या जॉर्डननेंही तो मार्ग घेतला. आमच्याकडे पेटी नसली तरी माळा व पडका वाडा आहे. तेथील जोडपें हुसकूं नये, आणि जवळपास विषाचें आमिष टाकूं नये. मेलेला उंदीर दिसतांच पुरावा. दाणेदार कीटकनाशक व औषध लावलेलें बियाणें मातीवर उघडें पडूं देऊं नये. पक्ष्यास तो दाणाच वाटतो.

गुरांच्या औषधाची गोष्ट याहून गंभीर आहे. पूर्वीं मेलेलें जनावर गिधाडें पाहतां पाहतां फस्त करीत. तीं गिधाडें देशांतून जवळजवळ नाहींशीं झालीं. याचें मुख्य कारण डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध ठरलें. तें टोंचलेलें जनावर मेल्यावर त्याचें मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. २००६ सालीं गुरांसाठीं त्याच्यावर बंदी आली, २०१५ सालीं माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या बंद झाल्या, व २०२३ सालीं केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांवरही गुरांसाठीं बंदी आली. मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस निर्धोक ठरलेलें औषध आहे. जनावराच्या सुजेवर किंवा तापावर औषध टोंचतांना तें कोणतें, हें विचारण्याचा मालकास अधिकार आहे, आणि तो त्यानें बजावावा.

कायदा

इंग्रजी अमलांत १८८७ व १९१२ सालीं रानपक्ष्यांसाठीं कायदे झाले, पण त्यांचें संरक्षण अपुरें होतें. हल्लीं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू असून २०२२ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती झाली. रानपक्षी मारणें, जाळ्यांत धरणें, त्याचीं अंडीं काढणें, पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यांत ठेवणें अथवा विकणें हा गुन्हा आहे. मोर हा तर राष्ट्रीय पक्षी, आणि हरियाल हा आपल्या राज्याचा पक्षी. मुलांच्या हातांतील गलोल ही खेळण्याची वस्तु समजली जाते. ती काढून घेऊन त्या हातीं निरीक्षणाची वही द्यावी.

शेवटीं आमचें सांगणें इतकेंच. शेतांत कोणता पक्षी कोणत्या महिन्यांत काय खातो, हें पाहण्याची जी संधि शेतकऱ्यास आहे ती मोठ्यांतल्या मोठ्या शास्त्रज्ञासही नाहीं, कारण तो पाहुणा आणि आम्ही रहिवासी. ज्या गांवांत असें मंडळ निघेल त्यानें एक वर्षभर वही लिहावी व वर्षाअखेर तिचा गोषवारा आमच्याकडे पाठवावा. त्यांत पक्ष्यांनीं केलेलें नुकसान लिहिलें असेल तरी तें आम्ही छापूं आणि उपकार लिहिला असेल तरी तोही छापूं. मग पुढच्या हंगामांत गोफण कोणावर फिरवावयाची व कोणावर नाहीं, हें आपणांस ऐकीव गोष्टीवरून ठरवावें लागणार नाहीं.